चित्रातल्या बाईचे हात

दारव्ह्याच्या उन्हाळ्याबद्दल मी जे सांगतो त्यातलं अर्धं लोक आधीच वजा करून ऐकतात, म्हणून मी सगळं दुप्पट सांगतो. म्हणजे शेवटी बरोबर तेवढंच पोचतं. आमच्या शिवणाच्या दुकानात वैशाखात इस्त्रीला कोळसे लागत नसत. सकाळी इस्त्री उंबऱ्यावर ठेवली की दुपारी ती विजारीला घडी पाडायला तयार असे. चिमण्या उडता उडता थकून गिऱ्हाइकांच्या डोक्यावर बसत आणि गिऱ्हाइकं त्यांना हाकलत नसत, कारण तेवढीच सावली. असल्या उन्हात माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणत असू, मनगटापर्यंत बाह्यांचं, गळ्याशी बटन लावलेलं पोलकं घालून, वरून पदर आवळून, मागच्या खोलीत मशीन चालवत बसायची. हे मात्र दुप्पट केलेलं नाही. हे जेवढं होतं तेवढंच आहे.

दुकान कापूसबाजाराच्या रस्त्यावर होतं. पुढच्या खोलीत मी, मागच्या खोलीत अक्का आणि मशीन, त्यामागे माय आणि चूल. दोन खोल्यांच्या मध्ये गादीच्या कापडाचा जाड पडदा. मी गिऱ्हाइकाचं माप घ्यायचो, टेप गळ्यात टाकून जगाच्या गोष्टी सांगायचो, आणि कापड पडद्याखालून आत सरकवायचो. पडद्याखालून शिवलेला सदरा बाहेर यायचा. बेतायची ती, शिवायची ती, काज-बटन तिचं. माझी जीभ आणि तिचे हात मिळून आम्ही एक शिंपी होतो, आणि तो शिंपी, खोटं सांगत नाही, मुर्तिजापूरपासून मुकुटबनपर्यंत गाजलेला होता. यवतमाळची छोटी गाडी आमच्या गावाजवळून जाताना मुद्दाम हळू होते, ती लोकांना उतरून माप देता यावं म्हणून, असं मी सांगत असे. ती गाडी सगळीकडेच हळू चालते हे ज्यांना माहीत होतं तेही मान डोलवत.

आतून मशीनचा आवाज यायचा आणि मी तर गिऱ्हाइकापुढे उभा. तेव्हा कोण शिवतो हे सांगणं भाग होतं. मी एक म्हातारा कारागीर निर्माण केला. हैदराबादच्या नवाबाच्या शेरवान्या त्यानं शिवलेल्या, आता वय झालं, माणसाचं तोंड पाहिलं की त्याचे हात थरथरतात, म्हणून पडद्याआड बसतो. लोकांना तो इतका पटला की सणावाराला त्याच्यासाठी विडे येऊ लागले. ते मी खात असे.

"काय भाऊ, थो तुहा बुढा दिसन तरी कवा?"

"पुढच्या ईदीले काढतो बाहेर. काळा चष्मा लावून."

हे सगळं कशासाठी, तर अक्काला कोड होतं. लग्नाच्या वयात आली तेव्हा डाव्या हाताच्या बोटांवर तांदळाएवढे ठिपके उठले. माय म्हणाली, चुन्याचे असतीन, धुतले का जातीन. ते गेले नाहीत. ते मनगटावर आले, कोपरावर गेले, गळ्याखाली उतरले, मग दुसऱ्या हातावर. जमलेलं लग्न मोडलं. निरोप द्यायला आलेली नवऱ्याकडची माणसं आमच्या घरचं पाणीसुद्धा न पिता उठली. यवतमाळच्या डॉक्टरपासून जंगलातल्या वैदूपर्यंत सगळे झाले. एकानं बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगितलं. दारव्ह्याच्या उन्हात! हातांवर फोड आले, फोड फुटले, आणि खालची कातडी आधीपेक्षा पांढरी निघाली. त्यानंतर अक्कानं पूर्ण बाहीची पोलकी शिवली आणि ती पडद्यामागे गेली. गावाची समजूत अशी होती की कोड स्पर्शानं लागतं, कापडानं लागतं, कदाचित सुईच्या भोकातूनही जात असेल. अक्का शिवते हे कळलं असतं तर आमचा एकही सदरा कोणी अंगात घातला नसता.

मागच्या खोलीत बाहेरचं एकच माणूस जायचं. जवळच्या तांड्यावरची एक बंजारा म्हातारी, जिला तिच्या लोकांसारखं आम्हीही याडी, म्हणजे आई, म्हणत होतो. ती बाजाराच्या दिवशी यायची, अक्काच्या शेजारी फतकल मारून बसायची, आणि तिच्या घागऱ्याचा घेर एवढा की ती बसली की खोलीत दुसऱ्याला उभ्यानंच राहावं लागे. मनगटापासून दंडापर्यंत तिच्या हातात पांढरे चुडे. ती अक्काला म्हणायची, "कायले रडते? माहे हात पाय. मनगटापासून खांद्यापर्यंत पांढरे. मले कोन घालवते तांड्यातून?" अक्का हसायची. याडी आली की तेवढीच ती हसायची.

हे चालू असताना सरकारनं आम्हाला मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातलं. एका दिवसात आख्खं दारव्हा मुंबईत गेलं आणि दारव्ह्याला पत्ता नाही. बैल तेच, धूळ तीच. मी पेपर वाचून आत मोठ्यानं ओरडून सांगितलं, "अक्का, ऊठ, आपन मुंबईत आलो!" ती म्हणाली, "समुद्र दिसला का सांग." पण तिनं ते ध्यानात ठेवलं. कसं ठेवलं ते पुढे येईल.

त्याच्या पुढच्या वर्षी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरची बायको दुकानात आली. ती पुण्याकडची. आमच्याकडे शिवलेला नवऱ्याचा सदरा हातात धरून, पायरी चढता चढताच तिनं विचारलं, "तुमच्याकडे काज कोण करतं हो?"

मी हैदराबादचा नवाब बाहेर काढला. शेरवानी काढली. थरथरते हात काढले.

ती हसली. "हे पुरुषानं केलेले काज नाहीत. आत बाई आहे ना? असू दे, सांगू नका कोणाला. मला अशीच एक बाई हवी आहे. आम्ही महिला मंडळातर्फे मुलींसाठी शिवणवर्ग काढतोय. शिकवायला कोणी मिळत नाही."

तिनं पिशवीतून फुलांचं कापड काढलं, मुलीचा जुना फ्रॉक मापासाठी दिला, आणि एक जाड कागद उलगडला. तिचा भाऊ मुंबईच्या कापडगिरणीत होता. तिथं नव्या फॅशनच्या कपड्यांची चित्रं काढणारा एक माणूस होता, त्याच्या हातचं ते चित्र. नागपूरला कॉलेजात असलेली तिची मुलगी सुट्टीला यायची होती, तिच्यासाठी हुबेहूब तसाच फ्रॉक हवा होता. "हा जमला की त्या बाईंनाच घेऊन बंगल्यावर या. वर्गाचं तिथेच ठरवून टाकू."

मी चित्र पाहिलं. देवाशपथ सांगतो, तशी बाई मी आजवर पाहिली नाही. मान करकोच्याची. कंबर एवढी की तिच्यात बांगडी चढवावी आणि ती पायापर्यंत निघून जावी. पाय छातीपासून सुरू होऊन थेट दिग्रसपर्यंत गेलेले. नाकडोळे नाहीत, नुसते लाल ओठ. पण फ्रॉक! खाली घेर फुललेला, बाही नाही, आणि सगळ्या कपड्यावर लाल, पिवळी, जांभळी फुलं अशी सांडलेली की काही फुलं घेराच्या काठावरून बाहेर कागदावर पडत होती.

मी पडदा सारून आत गेलो आणि दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या: फ्रॉक आणि शिवणवर्ग. अक्कानं पायडल थांबवलं.

"मी कशी जाऊ रे? पोरी माह्याजवळ बसतीन का? त्यायच्या माया बसू देतीन?"

मी कागद तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, खिडकीपाशी नेला, आणि पुष्कळ वेळ पाहत राहिली. मला वाटलं, घेराचा विचार करून राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "हिले तं कोड आहे रे."

"कुठं?"

"पाह्य नं. हा हात पाह्य. अन् गळ्याखाली. अन् गालावर."

मी पाहिलं. खरंच होतं. चित्रातल्या बाईच्या अंगाला बदामी रंग होता, पण सगळीकडे नव्हता. उजवा हात कोपरापर्यंत बदामी, पुढे पांढरा. डावा हात सगळाच पांढरा. गळ्याखाली एक पांढरं ठिगळ, अर्धा गाल पांढरा. मायला हाक मारली. माय पिठाच्या हातानं आली, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "अवो माय! गालावरबी आलं वो बिचारीच्या." बाजाराच्या दिवशी याडी आली, तिनं कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि म्हणाली, "कोड छ! पन हिची बाही कुठं गेली? उघड्या हातानं फिरते!"

आता कोणी म्हणेल, चौघांतल्या एकालाही दुसरं काही कसं सुचलं नाही? आम्ही तोवर पाहिलेली चित्रं म्हणजे कॅलेंडरातले देव. त्यांच्या पायाच्या नखापर्यंत रंग असतो. देवाचा हात रंगवायचा राहिला असं कॅलेंडर आम्ही कधी पाहिलं नव्हतं. चित्रात जे पांढरं दिसतं ते पांढरं असतं म्हणून दिसतं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

मी लगेच सुरू केलं, "मुंबईच्या मोठ्या घरची सून आहे थे. मोटारी आहेत तिच्यापाशी. दोन."

"तुह्या दोन्ही मोटारी बाहेर उभ्या कर," अक्का म्हणाली. "मले पाहू दे."

तिनं माझ्यावर कधीच विश्वास ठेवला नाही आणि तेव्हाही नाही ठेवला. तिनं स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. हात मांडीवर ठेवून ती हळूहळू बोलली, "चित्र काढनाऱ्याले हे झाकता आलं असतं नं? लांब बाही काढली असती. नाही तं रंग लावून देल्ला असता, त्याच्यापाशी रंग होता. त्यानं नाही झाकलं. म्हंजे ही त्याच्यापुढं अशीच उभी राह्यली. तिनं काढू देल्लं."

त्या दिवसापासून आमच्या घरात चौथं माणूस राहायला आलं. चित्र मशीनच्या वर खिळ्याला लटकलं. अक्का दोरा ओवताना तिच्याकडे पाहायची. माय भाकर वाढताना म्हणायची, "इचं लगन झालं असंन का वो?" अक्का म्हणायची, "ओठाले रंग लावला आहे, म्हंजे झालंच असंन."

फ्रॉक शिवणं म्हणजे काय कटकट झाली ते सांगायला एक वेगळं पुस्तक लागेल आणि तेही मी दुप्पट लिहीन. चित्राला पाठ नव्हती. समोरून सगळं होतं, मागून काय आहे ते कोणी काढलंच नव्हतं. याडी म्हणाली, आमच्या चोळीसारखं, कांचळीसारखं मागं नुसत्या नाड्या बांध, पाठ उघडीच ठेव, हवा लागते. अक्कानं मागे आकडे लावले. घेर मात्र याडीनंच जमवला; चुण्या घालायला तिनं असं काही कापड धरलं की तो फ्रॉक जमिनीवर ठेवला तर स्वतःच्या पायावर उभा राहत होता. आणि काठाबाहेर पडलेली फुलं? चित्रात आहे ते आलंच पाहिजे. अक्कानं कापडाच्या तुकड्यांतून एकेक फूल कापलं, कडा दुमडून शिवली, याडीनं आपल्या घागऱ्याच्या गोंड्यांसारखी ती काठावर मोकळी टांगली. फ्रॉक हलला की फुलं बाहेर डोकवायची. मी शपथेवर सांगतो, एक मधमाशी खिडकीतून आली आणि तासभर फसत राहिली.

आणि या दिवसांत अक्कानं बाह्या वर सारल्या. आधी मनगटावरून. मग कोपरावरून. घाम पुसायला म्हणून असेल, पण परत खाली केल्या नाहीत. उरलेल्या फुलांच्या कापडातून तिनं स्वतःसाठी एक पोलकं बेतलं. उरलेलं कापड शिंप्याचं, ही आमच्या धंद्यातली रीतच आहे. त्या पोलक्याला तिनं बाही ठेवली वीतभर.

माय दारात उभी राहिली. "हे कोनासाठी शिवून राह्यली?"

"माह्यासाठी."

"अन् घालून कुठं जाशीन?"

"बंगल्यावर. फ्रॉक द्यायले. बाई म्हने, घेऊन या म्हून."

"पोरी, लोकं पाह्यतीन वो."

"पाहू दे. मुंबईत चालते."

"आपन दारव्ह्यात आहो!"

"दारव्हा मुंबईतच आहे आता. भाऊनं पेपर वाचून सांगतलं नाही का?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी टेप गुंडाळत बसलो. याडीनं आपल्या हातातले चार चुडे उतरवायला सुरुवात केली होती. म्हणाली, हे घाल, निदान मनगट झाकन. अक्कानं ते तिच्याच हातात परत चढवले. "नाही याडी. झाकून गेली तं गेल्यासारखं काय?"

ती गेली. भर दिवसा, रस्त्यानं, दंडापर्यंत फुलांचं पोलकं, खाली दोन्ही हात उघडे. किती वर्षांनी ऊन लागलं असेल त्या हातांना. फ्रॉक तिनं पुढे दोन्ही हातांवर झेलून घेतला होता आणि मी मागे, चित्राची गुंडाळी घेऊन. रस्त्यात चहावाला उंचावरून चहा ओतत होता. त्याचा हात वरच राहिला आणि चहा मध्येच हवेत थांबला. मला विचाराल तर तो अजून तिथंच लटकलेला असेल. कापसाच्या गाड्यांची रांग होती, बैलांनीसुद्धा माना वळवल्या. हसण्यासारखं एवढंच. कारण पुढे पानठेल्यापाशी आमचं एक जुनं गिऱ्हाईक उभं होतं. त्यानं आधी फ्रॉककडे पाहिलं, मग अक्काच्या हातांकडे, मग माझ्याकडे. आणि मग त्यानं मान खाली घालून स्वतःच्या अंगातल्या सदऱ्याकडे पाहिलं. आमच्याच दुकानातला नवा सदरा. त्यानं गळ्याचं बटन काढलं.

मला तिथंच कळलं. मी म्हणालो, "अक्का, परत जाऊ."

"आता एवढ्या दूर आल्यावर?" ती म्हणाली. तिनं त्याला पाहिलंच नव्हतं. ती सरळ पुढे पाहत चालली होती.

बंगल्याच्या पडवीत मॅनेजरीण बाहेर आली ती हसतच. "अय्या, किती सुरेख! अगदी चित्रातल्यासारखा!" दोन्ही हात पुढे करून ती पायऱ्या उतरली, आणि दुसऱ्या पायरीवर तिचे हात थांबले. मग ते पाठीमागे गेले.

"तिथं ठेवा," ती म्हणाली. "झोपाळ्यावर. नको, झोपाळ्यावर नको, त्या पायरीवर ठेवा."

अक्कानं फ्रॉक पायरीवर ठेवला. तो उभाच राहिला. "मीच शिवलं, बाई. काजबी माहेच."

"हो, हो. छानच झालाय." ती लांबूनच वाकून पाहत होती.

"अन् शिवणवर्गाचं?"

"ते बघू हं. मुली लहान असतात, त्यांच्या आया येतात... मला स्वतःला काही नाही. अजिबात काही नाही. पण लोकांचं तुम्हाला माहीतच आहे."

ती वाईट बाई नव्हती. हे मी आजही म्हणतो, आणि म्हणूनच काही करता येत नाही. वाईट असती तर मी निदान तिची गोष्ट करून दहा गावं हसवली असती.

अक्का घाबरली नाही. तिनं माझ्या हातातली गुंडाळी घेतली, उलगडली आणि पुढे धरली. "मुंबईत तं चालते नं, बाई. हिलेबी आहे. हे पाहा, हात पाहा हिचे. हिनं तं बाहीबी नाही घातली."

मॅनेजरिणीला आधी कळेना. तिनं चित्राकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, परत चित्राकडे. मग कळलं, आणि तिच्या तोंडून हसू निसटलं. लगेच तिनं पदर तोंडाला लावला.

"अगं, ते कोड नाहीये. तिथं रंगच लावलेला नाही. ही माणसं अशीच काढतात. कपडा नीट रंगवायचा, बाकी अंगावर नुसते दोन-चार फटकारे. थांब, दाखवते."

ती आत जाऊन भावानं पाठवलेली आणखी चित्रं घेऊन आली आणि तिनं ती फरशीवर मांडून ठेवली, आमच्यापासून जरा अंतरावर. सगळ्या तशाच उंच बाया. एकीचे पाय रंगवायचे राहिलेले. एकीचा अर्धा चेहरा. एकीला तर नुसत्या नाकापुरता रंग आणि बाकी सगळी कोरी. एका पुरुषाचीही मान तेवढी रंगवलेली होती. अक्का उकिडवी बसली आणि प्रत्येक चित्र पाहत गेली. हात लावला नाही. सगळी पाहून झाल्यावर तिनं काठाबाहेरच्या फुलांवर बोट नेलं. "अन् हे?"

"ब्रश निसटला असेल."

"मंग ही बाई कोन आहे?"

"कोणी नाही गं. कापड दाखवण्यापुरती काढतात. ही कोणीच नाही."

अक्का उठली. तिचा उजवा हात डाव्या दंडाकडे गेला, बाही खाली ओढायला. ओढण्याएवढी बाही नव्हती. हात तिथंच चाचपत राहिला. मी खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला, तो तिनं दोन्ही हातांना गुंडाळला. मॅनेजरीण मागून म्हणाली, "ते चित्र राहू द्या हं तुमच्याकडेच," आणि आम्ही आलो त्याच रस्त्यानं परत आलो.

पुढे घडलं ते सांगायला मोठी जीभ लागत नाही. हैदराबादचा म्हातारा त्याच आठवड्यात वारला. लोक दुकानापुढून जाताना हळू होत, पडद्याकडे पाहत आणि पुढे जात. काहींनी शिवायला दिलेलं कापड तसंच मागून नेलं. मी शेवटी पडदा काढून टाकला, मशीन पुढच्या खोलीत आणलं आणि स्वतः त्याच्यावर बसलो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं की आत कोणी नाही, शिवतो तो मीच. मी शिवलेला पायजामा घातला की माणसाचा एक पाय बाजाराकडे आणि दुसरा स्टेशनकडे जात असे. तरी थोडी गिऱ्हाइकं हळूहळू आली, मी कापड आत नेत नाही एवढं पाहून. म्हणजे पडदा गेला तशी पडद्यामागची जागाही गेली. अक्का आणखी मागे सरकली, चुलीपाशी. तेव्हापासून तिच्या हाताला सुई लागली नाही. तिनं मागितली नाही. मी दिली नाही. देता येत नव्हती.

बंगल्यावरच्या स्वयंपाकिणीनं सांगितलं की तो फ्रॉक कडुलिंबाच्या पाण्यात उकळला. एकदा उकळून बाईंचं समाधान झालं नाही. मुलगी सुट्टीला आली आणि गेली. फ्रॉक बंगल्यामागच्या दोरीवर बरेच दिवस होता, कोणी उतरवला नाही. शिवणवर्ग निघाला, यवतमाळहून कोणी बाई नेमून आली. याडी बाजाराच्या दिवशी येत राहिली, पण ती आता चुलीपाशी मावत नव्हती, तिचा घेर आडवा यायचा. ती दारातच बसून अक्काशी बोलायची. अक्का हसायची नाही.

एके दिवशी मी जेवायला मागे गेलो तर अक्का चित्र पुढ्यात घेऊन बसलेली. मायच्या पानाच्या डब्यातला कात तिनं वाटीत कालवला होता. काडीला कापूस गुंडाळून ती चित्रातल्या बाईचा पांढरा हात भरत होती. कोपरापासून खाली, बोटाबोटापर्यंत. बदामीशी बदामी जुळवून, एक थेंब इकडेतिकडे नाही. मग डावा हात अख्खा भरला. गळ्याखालचं ठिगळ भरलं. गाल भरला.

"हे काय करून राह्यली?"

"ज्यानं काढली त्यानं हिले अर्धीच सोडली," ती म्हणाली. "कोनी तं पुरी करा लागते."

"अन् मंग?"

"मंग काही नाही. वाळू दे. पुढं लाव दुकानात. हिले पुढं बसता येते आता."

मी ते पुढच्या भिंतीवर लावलं. त्याच्यानंतर मुंबई राज्य मोडलं, महाराष्ट्र झाला. आमच्याकडे काही हललं नाही. दुकानात ऊन सरळ भिंतीवर यायचं. एकदोन उन्हाळ्यांत फ्रॉकवरची फुलं फिकी झाली, नंतर तर नुसते डाग राहिले. पण काताचा रंग तसा जात नाही. तो गडद होत गेला. काही वर्षांनी चित्रात कपडा दिसेनासा झाला आणि गळ्यागालावरच्या डागांसकट दोन काळसर हात तेवढे उरले.

एकदा लोहारा गावाकडचं एक नवं गिऱ्हाईक माप देता देता भिंतीकडे पाहून म्हणालं, "शिंपीभाऊ, ह्या बाईचे हात एवढे काळे काहून?"

मागे अक्का पाट्यावर चटणी वाटत होती. वरवंट्याचा आवाज येत होता.

"काय सांगू तुमाले," मी म्हणालो, "मुंबईची आहे थे. साऱ्या दुनियेत फिरते. भर उन्हात, उघड्या हातानं. कोनाले भेत नाही. उनानं रापले हात तिचे."

वरवंटा थांबला. मी टेप धरून उभा राहिलो. गिऱ्हाईक म्हणालं, "छाती घ्या नं भाऊ." थोड्या वेळानं वरवंटा पुन्हा सुरू झाला, आणि मी छातीचं माप घेतलं.